बंद शाखामार्गांचे पुनरुज्जीवन : ‘शकुंतला’ आणि कोलार मार्ग यांचा तौलनिक विचार

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी या वस्तीत २०१७ साली मेट्रोचे स्थानक सुरू झाले. या स्थानकातून हरित मार्गिकेने मॅजेस्टिकला जावे, तेथून रेल्वेने यलहंका, देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर, शिडलघट्टा, चिंतामणी असे टप्पे घेत कोलार गाठावे आणि पुढे बंगारपेटला चेन्नईकडे जाणाऱ्या मुख्य मार्गास मिळावे, असा प्रवास आज करता येतो. प्रवाशाला त्यात विशेष काही जाणवण्याचे कारण नाही. परंतु या प्रवासाचा यलहंक्यापुढील भाग मूळचा अरुंद मापाच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचा आहे; आणि त्यातील चिक्कबळ्ळापूर ते कोलार हा टप्पा दीर्घकाळ बंद राहून २०१३ साली नव्याने वाहता झाला आहे. याउलट विदर्भातील मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर हे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखले जाणारे मार्ग त्याच मापाचे आणि साधारण त्याच काळातले असूनही आज निश्चल पडून आहेत. एक मार्ग परत आला आणि दुसरा आला नाही, असे का घडले, या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ स्मरणरंजनाचा नाही. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव या गावांतील विद्यार्थी, रुग्ण, शेतमजूर आणि कापूस-संत्र्याचे उत्पादक यांच्या दळणवळणाशी तो थेट निगडित आहे.

‘बंद’ या शब्दाचे तीन अर्थ

एखादा लोहमार्ग बंद झाला असे म्हटले जाते, तेव्हा त्या विधानात तीन वेगवेगळ्या अवस्था मिसळलेल्या असतात. पहिल्या अवस्थेत मार्ग कायम असतो, केवळ गाड्या थांबविलेल्या असतात. नेरळ–माथेरान मार्ग २०१९ च्या अतिवृष्टीनंतर असा थांबला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्ववत सुरू झाला. दुसऱ्या अवस्थेत मापपरिवर्तनासाठी, म्हणजे नॅरोगेज वा मीटरगेजचे ब्रॉडगेज करण्यासाठी वाहतूक बंद केली जाते. येथे बंदी हीच पुनरुज्जीवनाची पहिली पायरी मानलेली असते. तिसऱ्या अवस्थेत रूळ उखडले जातात, पूल मोडकळीस येतात आणि मार्गाची जमीन हळूहळू शेती, घरे व रस्ते यांच्या पोटात जाते.

या तीन अवस्थांमधील सीमारेषा धूसर असतात, आणि नेमका तोच धोक्याचा भाग आहे. तात्पुरती म्हणून थांबविलेली गाडी लांबत लांबत कायमची थांबते. परिवर्तनासाठी बंद केलेल्या मार्गाचे काम निधीअभावी सुरूच होत नाही आणि पाहता पाहता तो तिसऱ्या अवस्थेत जातो. मार्ग जितका अधिक काळ बंद राहील, तितका तो परत आणण्याचा खर्च वाढतो; कारण रूळ पुन्हा घालता येतात, परंतु एकदा विस्कटलेली जमिनीची सलग पट्टी पुन्हा जुळविणे अत्यंत कठीण असते. शाखामार्गाची खरी संपत्ती इंजिन वा डबे ही नसून गावागावांमधून अखंड गेलेली ही पट्टी होय.

शकुंतलेची घडण

वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचविणे ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश व्यापाराची निकड होती. मुंबई–नागपूर हा मुख्य मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. परंतु कापसाची मोठी बाजारपेठ असलेली अनेक गावे त्यापासून दूर राहिली. ती जोडण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेच्या पुढाकाराने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. तिच्या मालकीचे मार्ग त्यानंतरच्या काही वर्षांत वाहतुकीस खुले झाले आणि ते चालविण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे आले. मूर्तिजापूर–यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे ७६ किलोमीटरचा, असे दोन फाटे मुख्य मार्गाच्या दोन बाजूंना गेले. पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरचा मार्गही याच कंपनीचा. रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते.

अरुंद माप निवडण्यामागे हिशेब होता. कमी रुंदीच्या मार्गाला जमीन कमी लागते, भराव आणि मोऱ्या लहान चालतात, वळणे तीव्र घेता येतात आणि हलक्या रुळांवर काम भागते. वाहतूक मर्यादित असेल तेथे भांडवल वाचते. मात्र या बचतीची किंमत दुसऱ्या बाजूने मोजावी लागते. अरुंद मापाच्या डब्यातील कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून मुख्य मार्गाच्या डब्यात पुन्हा भराव्या लागत. बैलगाडी हाच पर्याय होता तोवर ही दुहेरी हमाली परवडली. मालमोटार जिनिंगच्या दारापासून गिरणीच्या दारापर्यंत थेट जाऊ लागली, तेव्हा शाखामार्गाचा माल गेला आणि मालाबरोबर त्याच्या उत्पन्नाचा आधारही गेला.

राहिले ते प्रवासी. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावत होते. त्याला १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त करून डिझेल इंजिन आले. इंजिन बदलले तरी रूळ जुनेच राहिल्याने वेग वाढला नाही. ताशी वीस किलोमीटरच्या गतीने ११३ किलोमीटर कापावयाचे, तर साडेपाच तासांहून अधिक काळ लागतो. थांबे धरल्यास आणखी जास्त. शेवटच्या काळात गाडीबरोबरचे मोजके कर्मचारीच तिकिटे देत, फाटके लावत आणि इंजिन फिरवीत. तरीही ज्यांच्याजवळ वेळ होता आणि पैसा नव्हता, अशा प्रवाशांनी ही गाडी सोडली नाही. तिकिटाचा दर एस.टी.च्या भाड्याच्या तुलनेत फारच अल्प होता. ही गोष्ट तोट्याच्या हिशेबात एका बाजूला नोंदली गेली. दुसऱ्या बाजूला, त्या अल्प दरामुळे किती जणांना दवाखाना, आठवडी बाजार आणि महाविद्यालय गाठता आले, याची नोंद ठेवणारा रकाना कोणत्याही हिशेबवहीत नव्हता.

मालकीचा पेच

शकुंतलेचे वेगळेपण तिच्या मालकीत आहे. १९५१ च्या सुमारास देशातील रेल्वे एकत्रित होऊन तिचे विभाग पाडले गेले, तेव्हा मार्ग चालविणारी जी.आय.पी. रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. परंतु मार्गाची मालकी मूळ कंपनीकडे राहिली. गाडी शासनाची, कर्मचारी शासनाचे आणि रूळ मात्र खाजगी कंपनीचे, अशी ही विलक्षण व्यवस्था दीर्घकाळ चालली. मार्ग वापरण्याचा मोबदला रेल्वेने द्यावयाचा, असा करार होता.

या व्यवस्थेतून एक साधी परंतु घातक परिस्थिती उद्भवली. भाडेकरू ज्याप्रमाणे दुसऱ्याच्या घराची मोठी दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करीत नाही, त्याप्रमाणे आपल्या मालकीच्या नसलेल्या मार्गावर भांडवल घालण्यास रेल्वेला प्रोत्साहन नव्हते. मालकालाही, उत्पन्न ठरावीक असल्यामुळे, नवे भांडवल घालण्याचे कारण नव्हते. परिणामी मार्ग झिजत गेला, वेगमर्यादा घटत गेली, प्रवासी कमी झाले आणि कमी प्रवासी हेच पुढे मार्ग बंद करण्याचे कारण ठरले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दोन्ही फाट्यांवरील वाहतूक टप्प्याटप्प्याने थांबली. २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या कार्यकाळात ब्रॉडगेजसाठी १५०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली. १८९ किलोमीटरच्या हिशेबाने ही रक्कम दर किलोमीटरला सुमारे आठ कोटी पडते. घोषणेने आशा निर्माण झाली. परंतु ब्रॉडगेजची गाडी या मार्गावर आलेली नाही.

मालकीचा प्रश्न सुटला की मार्ग कसा मोकळा होतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तीही ७६२ मिलिमीटरचीच होती आणि तीही खाजगी कंपनीचीच. पुढे तिचा विस्तार पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत झाला. १९५४ मध्ये शासनाने ती विकत घेतली. त्यानंतरही परिवर्तनाला अनेक दशके लागली. परंतु ज्या वेळी निर्णय झाला, त्या वेळी मालकीचा अडसर उरला नव्हता. कुर्डुवाडी–पंढरपूर, लातूर–उस्मानाबाद–कुर्डुवाडी आणि पंढरपूर–मिरज असे टप्पे २००१ नंतरच्या दशकभरात ब्रॉडगेज झाले.

बार्शी मार्गापासून आणखी एक बोध मिळतो. जुना मार्ग येडशीवरून जात होता व उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव शहर, त्यापासून बाजूला राहत होते. परिवर्तन करताना आखणी बदलून मार्ग शहराजवळून नेण्यात आला. पुनरुज्जीवन म्हणजे जुन्या रेघेवर नवी रेघ गिरविणे नव्हे; आजची वस्ती आणि आजची गरज पाहून ती रेघ बदलताही येते.

या मार्गाचे मोल २०१६ च्या दुष्काळात साऱ्या देशाने पाहिले. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली, ती पंढरपूर आणि कुर्डुवाडीमार्गे, याच परिवर्तित मार्गाने. पहिल्या गाडीत दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाल्यावर एका खेपेत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. दहा हजार लिटरच्या टँकरचा हिशेब धरल्यास ही एक खेप अडीचशे टँकरांच्या बरोबरीची होती. मार्ग अरुंद मापाचाच राहिला असता, किंवा तोट्याचा म्हणून उखडला गेला असता, तर ही गाडी लातूरला पोहोचली नसती. मापपरिवर्तनाच्या वेळी मांडलेल्या कोणत्याही उत्पन्नाच्या अंदाजात हा उपयोग गृहीत धरणे शक्य नव्हते.

कोलार मार्ग परत का आला?

आता कोलार मार्गाकडे वळता येईल. म्हैसूर संस्थानात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण असताना, म्हणजे १९१२ ते १९१८ या काळात, संस्थानातील लोहमार्गांच्या विस्ताराला गती मिळाली. बंगारपेट–कोलार आणि यशवंतपूर–देवनहळ्ळी–चिक्कबळ्ळापूर हे अरुंद मापाचे मार्ग याच काळातले. शिडलघट्ट्याचे रेशीम आणि चिंतामणीचा व्यापार यांना त्यांचा आधार होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस यांचीही गत शकुंतलेसारखीच झाली होती : मंद गती, घटती वाहतूक आणि वाढता तोटा. यलहंका–चिक्कबळ्ळापूर टप्पा १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. मधला चिक्कबळ्ळापूर–कोलार टप्पा त्यानंतरही दीर्घकाळ रखडला आणि २०१३ मध्ये पूर्ण झाला.

शकुंतलेशी तुलना करता तीन भेद स्पष्ट दिसतात. पहिला भेद मालकीचा. हा मार्ग म्हैसूर संस्थानाच्या रेल्वेव्यवस्थेतून १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेकडे आणि पुढे २००३ नंतर दक्षिण-पश्चिम रेल्वेकडे आला. त्याच्या रुळांवर अन्य कोणाचा हक्क नव्हता. दुसरा भेद आकृतीचा. कोलार मार्गाची दोन्ही टोके मुख्य मार्गांना मिळतात, त्यामुळे तो केवळ फाटा न राहता पर्यायी मार्ग ठरतो. शकुंतलेचे दोन्ही फाटे मूर्तिजापूरहून निघून यवतमाळ आणि अचलपूर येथे संपतात. ज्या मार्गाला पुढचे टोक नसते, त्यावरून केवळ त्या भागाचीच वाहतूक होते. तिसरा भेद महानगराचा. कोलार मार्गाच्या एका टोकाला झपाट्याने वाढणारे बंगळूर आहे. आणि देवनहळ्ळी येथे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यावर या जुन्या मार्गाची जमीन एकाएकी मोलाची ठरली. २०२१ च्या जानेवारीत विमानतळाजवळील थांब्यावर गाड्या थांबू लागल्या. बंगळूर उपनगरी रेल्वेच्या नियोजित मार्गिकांपैकी एक देवनहळ्ळीपर्यंत आखलेली आहे.

या परिसरातील आणखी एक शाखामार्ग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. बंगारपेट–मारिकुप्पम हा मार्ग कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी बांधला गेला. २००१ मध्ये खाणी बंद झाल्या. ज्या कारणासाठी मार्ग जन्मला, ते कारणच संपले. तरीही गाडी थांबली नाही; कारण खाणवस्तीतील माणसे रोजगारासाठी दररोज बंगळूरला जाऊ-येऊ लागली आणि मार्गाला नवे प्रवासी मिळाले. मूळ माल संपल्याने मार्ग मरतोच असे नाही. दुसरा उपयोग सापडला नाही तर मात्र तो मरतो, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

अर्थात कोलार मार्गाचे यश अतिशयोक्तीने मांडता कामा नये. मार्ग परत आला तरी त्यावरील गाड्या मोजक्याच आहेत. रूळ हे साधन होय. सोयीच्या वेळी, पुरेशा वारंवारतेने गाडी नसेल तर प्रवासी बसचाच आश्रय घेतो. वेळापत्रकाविना झालेले पुनरुज्जीवन अर्धेच असते.

शकुंतलेपुढील पर्याय

परदेशातील अनुभवही या संदर्भात उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे मार्ग बंद झाले. एडिंबरोहून दक्षिणेकडील सीमाप्रदेशात जाणारा मार्ग १९६९ मध्ये बंद झाला आणि त्याचा सुमारे ४८ किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक प्रवास त्यावरून झाले. मात्र तेथेही संपूर्ण मार्ग परत आला नाही. ज्या भागाला महानगराचा आधार होता, तेवढाच आला.

शकुंतलेच्या बाबतीतही सरसकट ‘सुरू करा’ वा ‘सोडून द्या’ असा विचार करण्यापेक्षा दोन्ही फाट्यांचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. यवतमाळ फाट्याची परिस्थिती बदलली आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरच्या नव्या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. हा मार्ग यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असा जाणारा आहे. म्हणजे यवतमाळ आणि दारव्हा यांना रेल्वे मिळण्यासाठी शकुंतला हा एकमेव उपाय उरत नाही. परंतु त्यामुळे शकुंतलेची गरज संपते, असे मात्र नाही. तिचे स्वरूप बदलते. दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर हा भाग ब्रॉडगेज झाला, तर तो नव्या मार्गाला मुंबई–नागपूर मुख्य मार्गाशी पश्चिमेकडून जोडणारा दुवा ठरेल. ज्या मार्गाला आजवर पुढचे टोक नव्हते, त्याला ते प्रथमच मिळेल. कोलार मार्गाचे जे बळ होते, ते येथेही निर्माण होऊ शकते.

अचलपूर फाट्याचा प्रश्न निराळा आहे. दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर–परतवाडा या गावांना दुसरी रेल्वे नाही. संत्र्याचा हा प्रदेश मेळघाटाच्या पायथ्याशी आहे आणि मेळघाटातील आदिवासी जनतेची सर्वांत जवळची मोठी बाजारपेठ परतवाडा ही आहे. नरखेड–अमरावती मार्ग अचलपूरच्या पूर्वेस चांदूर बाजारवरून जातो. अचलपूरचे टोक तेथपर्यंत वाढविल्यास हाही फाटा दोन मार्गांमधील दुवा बनू शकेल. या शक्यतेचा गांभीर्याने अभ्यास होणे इष्ट आहे.

जुना मार्ग जसाच्या तसा ठेवून वारसा म्हणून चालवावा, असाही एक विचार मांडला जातो. माथेरान वा दार्जिलिंगच्या गाड्या पर्यटनावर तगतात. कारण तेथे गाडीच पर्यटकाचे आकर्षण असते. कारंजा वा दर्यापूरच्या प्रवाशाला मात्र वेळेवर पोहोचविणारी गाडी हवी आहे. वारसा जपण्याचे काम स्थानकाची एखादी जुनी इमारत, सिग्नल, इंजिन यांच्या जतनाने होऊ शकते. देवनहळ्ळी, नंदी हॉल्ट येथील जुन्या स्थानक-इमारतींच्या जतनाचे काम इंटॅक या संस्थेने हाती घेतले, तेही त्या मार्गावरून ब्रॉडगेजच्या गाड्या धावत असतानाच. वारसा आणि उपयुक्तता यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

समारोप

वरील विवेचनावरून बंद शाखामार्ग परत येण्यासाठी कोणत्या गोष्टी जुळून याव्या लागतात, हे सूत्ररूपाने सांगता येईल. मालकी निर्विवाद हवी. जमिनीची पट्टी अखंड हवी. मार्गाला पुढचे टोक हवे. आणि मूळ माल गेला असेल तर नवा उपयोग हवा. कोलार मार्गाच्या बाबतीत या चारही गोष्टी जुळल्या. शकुंतलेच्या बाबतीत पुढचे टोक मिळण्याची शक्यता नव्या मार्गांमुळे निर्माण झाली आहे आणि उपयोग तर तेथील जनतेच्या रोजच्या जगण्यातच आहे. उरतात त्या पहिल्या दोन गोष्टी, आणि त्या शासनाच्या निर्णयशक्तीवर अवलंबून आहेत.

त्यांपैकी जमिनीच्या पट्टीचे रक्षण सर्वांत निकडीचे आहे. ब्रॉडगेजचा निधी आज मिळाला नाही तर तो काही वर्षांनी मिळू शकेल. परंतु ती पट्टी एकदा तुकड्यातुकड्यांनी गेली, तर त्या वेळी हाती निधी असूनही तो घालण्यास जागा उरणार नाही. म्हणून मार्गाची मोजणी, सीमांकन आणि अतिक्रमणापासून संरक्षण या कमी खर्चाच्या गोष्टी मापपरिवर्तनाच्या निर्णयाची वाट न पाहता आधीच व्हावयास हव्यात. कापसासाठी परक्यांनी आखलेली ही रेघ वऱ्हाडच्या गावांनी शंभर वर्षांत आपलीशी केली आणि तिला माणसाचे नाव दिले. ती रेघ नकाशावरून पुसली जाण्याआधी तिचे काय करावयाचे, हे ठरविणे आवश्यक आहे.